ऑटोमॅटिकचा हट्ट

कर्वेनगर, पुणे
८ फेब्रुवारी २०२६

चि. द्वारका,

आशीर्वाद. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि माझा चेतन लिहितोय. इकडे सगळे ठीक म्हणायचे, फक्त नवी गाडी घेताहेत. सात माणसांची, डिझेलची, तुमच्या अमरावतीपर्यंत न दमता येणारी.

गेले तीन रविवार शोरूममध्ये गेले. जाऊ तिथे मला मागच्या रांगेत चढवून बघतात. बसलं की गुडघे हनुवटीला. तिथला टायवाला पोरगा विचारतो, आजी, कम्फर्टेबल ना? मी म्हटलं, तू ये आत, मी बाहेरून विचारते.

खरी कटकट गिअरची. सूनबाई दीपाली म्हणते, साधी गिअरची घ्या, पाडव्याला दारात येईल. ऑटोमॅटिकला चार महिने थांबावं लागेल. चेतनला ऑटोमॅटिकच हवी. का, तर एकदा म्हणे कर्वे रोडची गर्दी, एकदा म्हणे डिझेल कमी लागतं. दीपालीने टायवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, उलट थोडं जास्तच. भर शोरूममध्ये दोघं तोंडं फिरवून उभे. शेवटी मीच म्हटलं, "गिअरच्या झटक्यांनी मला मळमळतं. ऑटोमॅटिक नसेल तर मी बसणार नाही." तेव्हापासून दीपाली माझ्याशी कामापुरतं बोलते.

मला कसली मळमळ? एस्टीच्या शेवटच्या बाकावर पेरू खात प्रवास केलेली बाई मी.

पण द्वारका, दिवाळीपासून चेतनच्या डाव्या पायातून चप्पल निसटते आणि त्याला कळत नाही. स्वारगेटच्या सिग्नलला जुन्या गाडीत तो मांडी हाताने उचलून पाय क्लचवर ठेवतो. ऑटोमॅटिकला क्लचच नसतो, डाव्या पायाला काम नाही. मी मागे डोळे मिटून बसलेली असते, झोपलेली नसते.

बघ, पेन थांबलं. लिही रे. मला अक्षर कळत नाही, पेन थांबलेलं कळतं. बायकोला घाबरतोस की डॉक्टरला, ते तू ठरव. गाडी बदलून पाय बरा होत नसतो, आणि आजही त्याच पायाच्या भरवशावर माझी नातवंडं शाळेत जातात.

द्वारका, माझ्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही लागते, बँकेतही लागते. आज साक्षीदार दीपाली. अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय ती कुठे सही करत नाही. मळमळीचं वाचून चिडेल. चिडू दे.

चेतन, हाक मार तिला.

तुझी थोरली,
यमुना
(निशाणी डावा अंगठा)

समक्ष: दीपाली. सगळं वाचलं. मावशी, उद्या सकाळी यांना दवाखान्यात नेते आहे. गाडी मी चालवणार.