गौरीच्या डोक्यावरचा हात

१९ ऑगस्ट, सोम.
राखीपौर्णिमा. भास्करमामा मंठ्याकडून पहिल्याच गाडीने निघाले असावेत, माझी कणीकसुद्धा भिजली नव्हती तेव्हा दारात. गौरीने राखी बांधली, त्यांनी तिला फ्रॉक दिला, चहा घेतला आणि बसून राहिले. नुसते बसून. समोर रुक्मिणचा, गौरीच्या गेलेल्या आईचा फोटो. सख्खी बहीण होती, बघणारच. पण दर महिन्याला येऊन असं बघत बसायचं?

नवरा म्हणावा तर द. घरात होता आणि नव्हता. मामांची चप्पल वाजली तसा मागच्या दाराने दुकानावर पळाला. शर्टाची बटणं गल्लीत लावली. हाच माणूस कृषी केंद्रात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो.

निघताना मामांचं ठरलेलं वाक्य. "दाजींना म्हणावं, मी आल्तो."

धमकी नाही, आवाज चढवणं नाही. तरी ते वाक्य मला दिवसभर पुरतं.

२१ ऑगस्ट, बुध.
जेवताना द.ला गाठलंच. ताट पुढ्यात असलं की पळता येत नाही.

तर असं आहे. रुक्मिणच्या डायलिसिसला घरातलं होतं नव्हतं ते सगळं लागलं. मग भास्करमामांनी स्वतःच्या बायकोचं सोनं सराफाकडे ठेवून पैसा उभा केला. द. म्हणाला, मी सोडवून देतो. मुदत गेली, सोनं बुडालं. रुक्मिणही गेली. लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि हे मला आज कळतंय. दुसरेपणाच्या बायकोला घर दाखवतात, भांडी दाखवतात, देणं कोण दाखवणार?

"कागद न्हाई, काही न्हाई. ते मागून बी न्हाई राह्यले. तू कशाला उकरून राह्यली?"

मागत नाहीत म्हणूनच तर भीती वाटते. मागणाऱ्याला मुदत मागता येते. न मागणारा एक दिवस काय उचलून नेईल, कुणी सांगावं. ह्या घरात त्यांचं म्हणावं असं एकच आहे, ती म्हणजे गौरी. आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती. मला आई म्हणायला तिने जेमतेम चार दिवस घेतले. तिला नेलं तर मी

जाऊ दे. गिऱ्हाइकांची ब्लाउजं शिवायची राहिलीत कालची.

२८ ऑगस्ट, बुध.
गौरीला ताप. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, अर्धं परतूर तापलंय. गोळ्या, ओल्या पट्ट्या.

सासूबाई उशाशी बसून पुटपुटत होत्या. "शपथ लागली लेकराला." कसली शपथ, विचारलं तर आधी तोंड मिटलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यात रुक्मिणने शेवटी शेवटी हट्ट धरला होता की दादाचं सोनं परत करीन असं कबूल करा. नुसतं कबूल नाही, पोरीची शपथ घ्या. द.ने गौरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, दिवाळीच्या आत देतो म्हणून. ती दिवाळी गेली. नंतरच्याही गेल्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बारावी झालेय मी. हे लिहिता लिहिता उठून पुन्हा कपाळाला हात लावून आले. गरमच आहे.

३१ ऑगस्ट, शनि.
ताप उतरला. खिचडी मागून खाल्ली. सासूबाई राजूरच्या गणपतीला नारळ बोलल्या होत्या, श्रेय तिकडे गेलं. डॉक्टरांच्या गोळ्यांचं कुणी नावही काढलं नाही.

एक गोष्ट आज पाहिली. म्हणजे रोजच दिसत होती, अर्थ आज लागला. द. लेकीच्या पाठीवरून हात फिरवतो, गाल ओढतो, खांद्यावर बसवतो. डोक्यावर हात कधी ठेवत नाही. आज ती आपण होऊन डोकं त्याच्या हाताखाली घालायला गेली तर हात झटकन मागे. पोर हसली, तिला खेळ वाटला. मला ते बघवेना. राग आला त्याचा, आणि तेवढीच कीवही आली.

३ सप्टें., मंगळ.
शिवता शिवता सुचलं. लहानपणी आम्ही उठसूट शपथा घालायचो. मग जिने घातली तिच्या मागे लागायचं, 'सुटली' म्हण ना गं. तिने म्हटलं की सुटली, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. एवढंसं तर काम आहे. भास्करमामा चांगले आहेत, पोरीवर जीव आहे. एकदा 'सुटली' म्हणतील. सोन्याचं नंतर बघता येईल.

द.ला सांगितलं नाही. तो मागच्या दाराने जाईल.

१५ सप्टें., रवि.
मामा आले. महालक्ष्म्यांचा फराळ उरला होता, तो दिला. चिवडा बशीबाहेर सांडला. म्हटलं, दादा, ह्यांनी पोरीची शपथ घेतली होती ती सोडवा. तुम्ही एवढं सुटली म्हणा.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग फोटोकडे बघत, "ताई, माझी असती तर कवाच म्हणलो असतो. दाजींनी मला न्हाई दिल्ती शपथ. तिला दिल्ती."

ती तर गेली. म्हणजे सुटली म्हणणारं कुणी उरलंच नाही.

चिवडा न खाता उठले. दारात थांबून विचारलं, दसरा झाला की पोरीला चार दिवस नेऊ का, तिच्या मामीला लई वाटून राह्यलं. मी म्हटलं, ह्यांना विचारते.

चार दिवस.

१६ सप्टें., सोम.
द. म्हणतो पाठवू, मामाच्या घरी लेकरू जातंच. नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्याचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून भीती थोडीच जाते. आणि मामांनी ठेवूनच घेतलं तर? 'आमच्या सोन्याच्या बदल्यात' असं मामा एकदा म्हणाले तर आम्ही काय तोंड उघडणार?

सासूबाईंनी तोड काढलीय. माझ्या गळ्यात रुक्मिणची पुतळी आहे, तिच्या नावाचा छोटा टाक. पहिली बायको गेली की दुसरेपणाच्या बायकोने घालायची असते. रोज आंघोळ झाली की आधी तिला हळदकुंकू लावायचं आणि मग मला. सासूबाईंनी ती बोटाने उचलली.

"ही तुझ्याच गळ्यात हाय ना? तिच्या जागी तू. तूच म्हण सुटली, अन् मिटव."

द. जेवत होता. त्याचं चावणं थांबलं. वर बघितलं नाही, पण कान सगळे माझ्याकडे. मी म्हटलं, बघू.

२६ सप्टें., गुरु.
अविधवा नवमी. रुक्मिण सवाष्ण गेली, तिच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालायची. दरवेळी शेजारची बोलावतो. यंदा मी शहाणपणा केला. मामांची बायको, शांताताई, त्यांनाच बोलावलं. मान होईल, मन वळेल, पोरीला नेण्याचा विषय मागे पडेल. माझ्या मते मोठी हुशारी.

बाई आल्या. लग्नानंतर मी त्यांना प्रथमच नीट पाहत होते. एवढ्या उकाड्यात पदर गळ्यापर्यंत ओढलेला. पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. मग मंगळसूत्राला हळदकुंकू लावायला हात पुढे केला, रीतच आहे. त्या थांबल्या. मी हात तसाच धरून. शेवटी त्यांनी पदर सारला.

पिवळा दोरा, त्यात चार काळे मणी आणि वाट्यांच्या जागी हळकुंड.

मंगळसूत्रसुद्धा गेलं होतं त्या सोन्यात. तीन वर्षं बाई हळकुंड बांधून फिरतेय, आणि मी तिला बोलावून, सगळ्यांसमोर, गळा उघडा करायला लावला. तिच्यासमोर वाकले तेव्हा माझी सोन्याची पोत लोंबत होती, तिच्या अगदी तोंडापुढे. जमीन दुभंगली असती तर बरं.

मी हळकुंडाला हळद लावली.

त्या पोटभर जेवल्या. "खीर चांगली झाली ताई," एवढंच. मी दिलेल्या साडीची घडी कपाळाला लावली. निघताना गौरीच्या डोक्यावर सहज हात ठेवला, केस नीट केले. सहज. आमच्या घरात ते कुणाला जमत नाही.

२८ सप्टें., शनि.
द.ला सांगितलं. "मला ठाऊक हाय," म्हणाला.

ठाऊक होतं! म्हणून मागचं दार. मामांना भीत नव्हताच तो, लाजत होता. मला हे आधी सांगितलं असतं तर मी त्या बाईला पाटावर

म्हटलं, माझी पोत देऊ का? म्हणाला, तुझ्या बापाचं सोनं हाय ते, त्याला हात लावू नको. ह्यात माझी काळजी किती आणि स्वतःची सुटका किती, ते मी आताशा वेगळं करायच्या भानगडीत पडत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही देववत नाही. माझा पहिला संसार मोडला तेव्हा त्या घरातून मी अंगावरची ही पोत तेवढी घेऊन निघाले होते. उद्या हाही मोडला तर हातात काय? भावजया दारात उभं करतील तेही गळ्यात काही असलं तर. भीती वाटते. दोन्हीकडून वाटते.

११ ऑक्टो., शुक्र.
आज घरात कुणी नव्हतं. आरशासमोर उभी राहिले, पुतळी हातात धरली. एक शब्द म्हणायचा. म्हटला की गौरी मोकळी, द. मोकळा, सासूबाई खूश. ओठापर्यंत आला. तेवढ्यात ते हळकुंड आठवलं.

रुक्मिण असती तर म्हणाली असती का? तिने तर मरता मरता भावजयीचा गळा आठवून शपथ घ्यायला लावली. तिच्या जागी उभं राहून तिचंच बोलणं मी कसं खोडू?

नाही म्हटला. मशीनवर बसले. शांताताईंच्या मापाचं ब्लाउज बेतलं. माप घ्यावं लागत नाही मला, नजरेत बसतं.

१३ ऑक्टो., रवि.
मामा सकाळी घेऊन गेले गौरीला. पिशवीत चार फ्रॉक, तेल, कंगवा, आणि तळाशी ते ब्लाउज. ब्लाउजच्या घडीत पोत. दोनदा घातली, दोनदा काढली. तिसऱ्यांदा रिक्षाचा आवाज आला आणि ती आतच राहिली. मी ठेवली की राहिली, देव जाणे.

गौरीला बजावलं, हे मामीच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. हो हो म्हणाली, लक्ष सगळं मामाच्या हातातल्या केळ्यांवर.

द. आज मागच्या दाराने गेला नाही. दारात उभा होता, मामांशी पावसापाण्याचं बोलला. रिक्षा निघताना हात उचलला, डोक्यापर्यंत नेला आणि पाठीवर ठेवला.

मी दिलं तर त्याची शपथ सुटते का? की ज्याची त्यानेच फेडावी लागते? कुणाला विचारू?

१७ ऑक्टो., गुरु.
चार दिवस झाले. आज यायचे होते. दुपारपर्यंत प्रत्येक रिक्षाला दारात गेले.

फोन आला तेव्हा मी पिठाच्या हाताने, द.ने घेतला. हं, हं, बरं, एवढंच बोलला. काय म्हणाले?

"अजून दोन दिवस ठिवून घेतो म्हणले."

का?

"मामीला करमत न्हाई म्हणे पोरीबिगर."

अन् शांताताई? त्या काही म्हणाल्या का?

"काही न्हाई. रडून राह्यल्या होत्या मागं, आवाज येत होता."

कशाने रडत होत्या, ते त्याने विचारलं नाही. मला विचारता आलं नाही. पोत मिळाली म्हणून, की ती घेऊनही पोर परत द्यायची आहे म्हणून?

गळ्यात आता नुसते काळे मणी आणि रुक्मिण. उकाडा मरणाचा, तरी पदर गळ्यापर्यंत ओढून बसलेय. द. समोरच पेपर वाचतोय. चार दिवसांत त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलेलं नाही.