दोनशेची रांग

११ नोव्हेंबर, मंगळवार
काल संध्याकाळी सहाला फॅक्टरीत अमोनिया सुटला! कोळंबी सोलायच्या हॉलात. बायका खोकत खोकत बाहेर पळाल्या, मालन दारातच कोसळली. ऑक्सिजनवर आहे. आणि भोंगा वाजलाच नाही. सेन्सर निरोप पाठवतो, माझा सर्व्हर भोंगा वाजवतो — माझ्याकडे निरोपच आला नाही.

१२ नोव्हेंबर
मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. सेन्सर काशीराम बघतो. राजापूरकडचा, बावीस वर्षं इथेच. दर शनिवारी दुपारी अमोनियात भिजवलेला फडका एकेका सेन्सरच्या तोंडाशी धरायचा, लाल दिवा लागला की वहीत खूण. एक शनिवार चुकलेला नाही.
"साहेब, दिवा लागला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."
साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडून दाखवला. सहा वाजता काही नाही.
"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. वर शहाणपणा — "काशीरामभाऊ, गडबडीत माणसाला भास होतो."
त्याला घरी बसवलं.

१३ नोव्हेंबर
मालनला बघून आले. आवाज पार बसलाय. कुजबुजली, "काशीरामभाऊंना काय करू नका हो. त्यांनीच मला ओढून काढलानी."
मी आपली मोसंबी सोलत बसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून सर्व्हर मुळापासून तपासला. आत येणारी पॅकेटं, म्हणजे निरोपांचे नि चित्रांचे तुकडे, कर्नल (सर्व्हरचा मूळ प्रोग्रॅम) आधी एका रांगेत उभी करतो. रांग भरली की पुढची सरळ टाकून देतो. लॉगमध्ये अवाक्षर नाही, फक्त आकडा वाढवतो. मी तो आकडा कधी बघितलाच नव्हता!
आज बघत बसले. दिवसभर ढिम्म. सहाला भराभर पळाला.
सहाला शिफ्ट बदलते. पुण्याहून मालक रोज त्याच वेळी चाळीसच्या चाळीस कॅमेरे एकदम उघडतात. सगळी चित्रं माझ्या सर्व्हरवरून जातात. सेन्सरचा निरोप त्या गर्दीत. तीनदा पाठवतो बिचारा, मग गप्प बसतो.
आणि रांग किती? दोनशे. पूर्वी हजार होती. जुलैत मालक ओरडले, कॅमेऱ्यात चित्र उशिरा दिसतं. कुठेसं वाचलं होतं, रांग लहान की उशीर कमी. हजाराची दोनशे केली. चित्र झकास! साहेबांनी चहा पाजला होता.
ते मी केलं. मीच.

१६ नोव्हेंबर
कुणाला बोलले नाही. सकाळचं घावन करपलं.

१७ नोव्हेंबर
रांग पाच हजारांवर नेली. सेटिंगच्या फाईलमध्येही लिहून ठेवली, नाहीतर सर्व्हर बंद-चालू झाला की मूळ पदावर. सहाला आकडा जागचा हलला नाही.
झालं ना? आता पुन्हा असं होणार नाही. मग बोलायलाच हवं का? नोकरी जाईल. रत्नागिरीत असलं काम दुसरं कोण देणार मला? आणि काशीरामला चार दिवसांनी घेतीलच परत. इतका जुना माणूस.
कसली बाई आहे मी!

१८ नोव्हेंबर
नितेश म्हणून एका पोराला काशीरामच्या जागी घातलाय. आज बरोबर सहाला त्याने त्याच सेन्सरला फडका लावला. भोंगा असा वाजला की अर्धी एमआयडीसी हलली.
साहेब खूश. "बघितलंत मॅडम? काशीराम गेला आणि सेन्सर सुतासारखा सरळ! आता पुरावा कशाला हवा?"
मी गुपचूप केलेली दुरुस्ती काशीरामच्याच गळ्याशी आली. आणि मी मान डोलावली.

२० नोव्हेंबर
काशीराम आला होता. हिशोब नको, काही नको, सरळ माझ्या टेबलाशी.
"मॅडम, मी लिहून दिलंय. चूक माझी."
"अहो, पण का?"
"तुम्ही म्हणालात, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही शिकलेल्या. मग मला भासच झाला असणार. आता घरी गॅस बंद केला तरी तीनदा उठून बघतो. डोळ्यांवर भरवसाच राहिला नाही."
शनिवारची वही माझ्यापुढे ठेवली. "सांभाळा तेवढी."
मी "बरं" म्हटलं. बरं! जीभ झडली कशी नाही माझी?

२१ नोव्हेंबर
वही वाचली. बावीस वर्षांच्या खुणा. एका पानावर — "मुलीचं लग्न. सकाळी येऊन फडका लावून गेलो."
हात दाखवून अवलक्षण म्हणतील. म्हणोत.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रांग परत दोनशेवर आणली. काशीरामला फोन करून बोलावलं, साहेबांना हॉलात उभं केलं. बायका बाहेर. सहा वाजले, मालकांनी कॅमेरे उघडले. "लावा फडका," मी म्हटलं.
लाल दिवा लागला. भोंगा वाजला नाही.
साहेबांना जुलैपासूनचं सगळं सांगितलं. ते काय काय बोलले ते लिहीत नाही. काशीराम त्यांच्याकडे बघतच नव्हता. दिव्याकडे बघत होता.
"म्हणजे मला भास नव्हता ना, मॅडम?"
"नव्हता हो."
तो फडका हातात घेऊन तिथेच खाली बसला आणि रडला.