माढ्याहून न आलेलं स्थळ

सोलापूर, माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांच्या चरणी बाळासोचा डोकं टेकवून नमस्कार. वेळापूरला ताईची तब्येत आता सुधारली असेल, तुमचा गुडघाही बरा असेल (तेल लावायचा कंटाळा करू नका). मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ते लिहायला लाज वाटते. तुम्ही मंद्रूपला परतून महिपती पाटलांच्या तोंडून सगळं ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावं, म्हणून हे पाकीट.

गिरणीत कारकून झाल्यापासून मी रविवारी तीन पत्त्यांचा डाव खेळतो (चिंचोक्यांवर, मामा, तुमची शपथ). आमचा गुरू म्हणजे मागावरचा गुरप्पा. त्याची शिकवण अशी, की पानं कितीही चांगली आली तरी तोंड दगडासारखं ठेवायचं, घाई करायची नाही, आणि हातात काहीच नसलं तर समोरचा घाबरेल इतकं चढवून बोलायचं. मला वाटलं, हा माणूस पत्ते नव्हे, जगायलाच शिकवतो आहे. तेव्हापासून मी साहेबापुढे, खाणावळीत काशम्मापुढे, जिथे तिथे दगड झालो. (काशम्मानं पोट बिघडलं समजून मला नुसती पेज वाढली.)

आणि तसाच, तुम्ही सुचवलेली पाटलांची मुलगी पाहायला मंद्रूपला गेलो. मामा, फुला बाहेर आली आणि पाहताक्षणी मला आवडली. म्हणजे तोंड मिटायची हीच वेळ! पाटलांनी दोनदा विचारलं, मुलगी कशी वाटली. मी आढ्याकडे बघत बसलो. वर, होणाऱ्या सासऱ्यांना जरा धास्ती बसावी म्हणून सांगून टाकलं, की माढ्याहूनही एक मोठं स्थळ आलं आहे. (माढ्यात मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही.) मला वाटलं, आता ते विनवण्या करतील. त्यांनी शांतपणे पानाचा डबा मिटला, "मग तितंच जमवा की, आमी कशाला मदी येऊ?" म्हणाले आणि गड्याला आमची गाडी जुंपायला सांगितली. तुमचा शब्द गेला, त्यांच्या दारात त्यांचाच अपमान झाला, आणि शिमग्याआधी अक्कलकोटकडचा कुणी तिला पाहायला येणार आहे म्हणे. लाजेनं मला अन्न गोड लागत नाही.

माझी विसरलेली पिशवी द्यायला फुला उंबऱ्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "तोंड गप हाय, पर कान लई लाल झाल्यात तुमचं. माढ्याचं काय खरं न्हाय." तेव्हाच सगळं कबूल करायला हवं होतं. मी त्यावरही दगडच राहिलो, मामा, आणि याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

तुमचा अपराधी भाचा,
बाळासो

ता. क. हे सगळं गुरप्पाला सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "आमी समदी तुझं कानच बगून खेळतो की!"

आणखी एक ता. क. मंद्रूपला पोचताच पाटलांकडे जा. माढ्याचं स्थळबिळ काही नाही, आमचा भाचा खोटारडा आहे, असं स्वच्छ सांगा. पण मामींकरवी फुलाला एकदा विचारा, खोटारडा चालेल का. नकार असला तर पाकिटातून कळवा, कारण कार्ड गिरणीत साऱ्यांच्या हातून फिरून मग माझ्याकडे येतं. होकार असला तर मात्र कार्डच टाका.