खून कुणी केला, सांगू नकोस

५ जुलै

शाळेत नाव घातलं. एकेचाळिसाव्या वर्षी, दहावीला, संध्याकाळच्या वर्गात.

लेक दहावीत नापास झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. 'पुन्हा बस' म्हणून म्हणून घसा कोरडा पडला. शेवटी म्हटलं, तू नाही तर मी जाते. "जा की," म्हणाली. हे हसले. हसू देत.

९ जुलै

सरांनी वर्गाला एक जुनी रहस्यकादंबरी लावलीय. म्हातारा घड्याळवाला दुकानात मरून पडलाय — दार आतून बंद. बहीण, भाचा, डॉक्टर, सगळे साळसूद. इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवत होते आणि मन त्या दारापाशी. एक चादर करपवली.

१४ जुलै

मनात वाचलं की डोक्यात शिरत नाही, म्हणून मोठ्याने वाचते. स्वयंपाकघरात, भाजी शिजेपर्यंत. आज 'साशंक'ला अडले. आतल्या खोलीतून आवाज आला, "साशंक म्हणजे संशय आलेला."

म्हणजे कान इकडे आहेत. पुढचं पान जरा जोरात वाचलं.

१५ जुलै

मुद्दाम ऐन मोक्याला थांबले. आतून — "मग?"

"डोकं दुखतंय," म्हटलं. कसलं दुखतंय!

१९ जुलै

पुस्तक जागेवर नाही. शोधलं, तर लेकीच्या पांघरुणात. शेवटपर्यंत वाचून झालेलं. डोळे सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. "आई, कुणी मारलं सांगू?"

"सांगितलंस तर बघ."

हसली. कितीतरी दिवसांनी. जेवायला हाक न मारता आली.

२६ जुलै

आज वर्गात उभी राहून बोलले.

सरांचा प्रश्न — भाच्याने खून केला नाही, मग कबुली का देतो? सगळे माना खाली घालून. मी उठले. म्हटलं, त्याला वाटतंय त्याच्या आईनेच, म्हाताऱ्याच्या बहिणीने, केलाय. आणि आईला वाटतंय लेकाने केलाय, म्हणून ती गप्प. दोघांनी काही केलेलं नाही, पण एकमेकांना विचारायची हिंमत नाही.

"पुस्तकात कुठे आहे?" सर म्हणाले. पान काढलं आणि वाचून दाखवलं. कुठे अडले नाही. सरांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं. माझं! बसमध्ये उभी होते, पण राणीसारखी.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, "तू तरी मला कुठे विचारलंस?"

विचारलं. गणिताच्या पेपरला हात थिजला होता. येत असलेलंही आठवेना. कोरा पेपर देऊन आली, आणि घरात सगळे धरून चालले की पोरीने अभ्यासच केला नाही. खूप रडली. मी तिचे केस विंचरत बसले. गुंता फार होता, पण तिने हात झटकला नाही.

३० जुलै

पुस्तक संपलं. मला डॉक्टरचा संशय होता. साफ चुकले. लेकीने दिवसभर चिडवलं. पण भाच्याचं मी बरोबर ओळखलं, हे तिलाही मान्य करावं लागलं.

२ ऑगस्ट

वर्ग सुरू झाला आणि लेक दारातून आत आली, सरळ माझ्या बाकावर येऊन बसली. सरांनी मला विचारलं, "ही तुमची कोण?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मी हिच्या वर्गातली."