ओढलेला दोरा

आई, सुनेनं काल सोफ्यावर टाकायला शेनिलची चादर आणली. हात फिरवला तर मांजराच्या पिल्लाची पाठ. कडेला एक दोरा लोंबत होता. ती तो ओढणार तोच मी ओरडले, "ओढू नकोस, काप!" घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी उगाच शहाणपण शिकवत बसले: गार पाण्यात धू, पिळू नकोस, सावलीत वाळव, इस्त्री लावलीस तर लव बसेल. सगळं तुझंच, फक्त तू टॉवेलांबद्दल सांगायचीस.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. कारखान्यात दिवसभर उभं राहून सुताच्या कांड्या भरता भरता तुझ्या पायांच्या शिरा फुगल्या, तेव्हा कुठं तुला घडीखात्यात बसायचं काम मिळालं. तयार टॉवेल मांडीवर घ्यायचा, वर आलेला दोऱ्याचा लूप कात्रीनं मुळाशी कापायचा, घडी घालायची. मैंदर्गीला मामाकडे गेलीस की अर्ध्या कानडीत पहिलं हेच सांगायचीस, की मी आता बसून काम करते. मला मेलीला लाज वाटायची. बसण्यात कसलं आलंय कौतुक? बारा वर्षांच्या पोरीला पाय दुखणं काय कळणार.

पुढं लग्नसराई होती, आहेराच्या टॉवेलांची घाई चाललेली. घडीखात्याच्या मास्तरांनी दोन डझन घरी करायला दिले. तू भाकरी थापत होतीस, गठ्ठा माझ्यापुढे सरकवलास. पिठाच्या हातानंच एक लूप कापून दाखवलास. "ओढायचा न्हाय बरं का. एक ओढला की शेजारचे धा निघत्यात. हे झालं की जा गड्ड्याच्या जत्रंला." मैत्रीण दारात उभी राहून चुळबुळ करतेय, आणि मी कात्री घेऊन बसलेय.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात तुझा डबा घेऊन आले, तेव्हा मास्तर एक टॉवेल उजेडात धरून उभे होते. मधोमध टक्कल पडल्यासारख्या रेघा. "बाई, हे कुनी केलं?"

"माज्याच हातनं झालं, मास्तर. नजर कमी आलीया जरा."

सोमवारपासून तू परत कांड्यांवर. परत उभी.

तू मला बोटसुद्धा लावलं नाहीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीला बडव की चांगली." तर तू त्यांच्यावरच उखडलीस. "तिला काय ठावं? म्याच घाईत नीट दावलं न्हाय." हेच तू जन्मभर सांगत आलीस, माझ्या लग्नानंतर जावयालासुद्धा. संध्याकाळी पाय सुजायचे, मी तेल चोळायचे, आणि तू म्हणायचीस, "लई माया हाय माज्या लेकीला." तेव्हा मला तुझ्याकडे बघवायचं नाही. तू गेलीस त्यालाही आता वीस वर्षं होतील. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? कपाटातच राहील.

तू नीट दाखवलं होतंस, आई. पहिले चार टॉवेल मी कापूनच केले. मग पाळण्यात बसायला उशीर होईल म्हणून भराभर ओढत सुटले. रेघा पडताना मला दिसत होत्या. त्या आत राहतील अशा घड्या मीच घातल्या.