बाबांचं बीपी आणि बिघडलेलं मशीन

४ ऑगस्ट
आजपासून मी फॅक्टरीतल्या पॅकिंग विभागाचा प्रथमोपचार प्रमुख. दोन दिवसांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, शिवाय लाल पेटी. शॉक हा विषय तर कोळून प्यायलोय. रक्त वाहून जातं, रक्तदाब घसरतो, माणूस गार पडतो. आडवं करा, पाय वर, पांघरूण, रुग्णवाहिका. बायकोला सगळं समजावलं. ती म्हणाली, आधी बाबांना डॉक्टरकडे न्या, त्यांना दोन दिवस लघवीला जळजळ होतेय. विषय काय, ही बोलते काय!

६ ऑगस्ट
बाबांना थंडी वाजून ताप. उद्या नेतो म्हटलं. आज पेटीतली बँडेजं मोजायची होती.
संकल्प: रोज एक उजळणी.

७ ऑगस्ट, सकाळी ९
ताप उतरला! हातपाय चक्क गार. मी म्हणालोच होतो, आपोआप उतरेल. बाबांनी मला 'साहेब' म्हटलं. बायको म्हणते त्यांना भ्रम झालाय, श्वासही भरभर चाललाय. मला वाटतं, सर्टिफिकेटची बातमी पोचली.

९.२०
बीपी ऐंशी-पन्नास. अशक्य. रक्ताचा थेंब सांडलेला नाही, मग शॉक येईल कुठून? मशीनच बिघडलंय.

९.३५
टीव्हीच्या रिमोटमधले सेल घातले. आता अठ्ठ्याहत्तर. खात्रीसाठी स्वतःचं मोजलं: एकशे सत्तर. मशीनचं डोकंच फिरलंय.

९.५०
बायकोने मला न विचारता रुग्णवाहिका बोलावली. माणसं दारात आली तेव्हा मी मशीनचं माहितीपत्रक वाचत होतो.

दुपारी २, आयसीयूबाहेर
डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तवाहिन्या सैल पडल्या, दाब कोसळला. रक्त न सांडताही शॉक होतो. सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन चालू आहे. तेवढ्याने भागेना म्हणून दाब चढवणारं औषधही. यात एकेक तास मोलाचा असतो म्हणाल्या. ट्रेनिंगमध्ये हे दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सांगितलं असणार. मला डुलकी लागली होती.
लक्षणं कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत बायकोने तारीखवार सांगून टाकलं. मला खुर्चीवर बसायला सांगितलंय. बसलोय. भीती वाटतेय.

८ ऑगस्ट
बाबा तसेच. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. नर्स तासातासाला बघून जाते. मी काचेतून बघतो. याखेरीज मला करता येण्यासारखं काहीही नाही. आज संकल्प नाही.

११ ऑगस्ट
बाबा शुद्धीवर आले. माझा हात धरून नर्सला म्हणाले, हा शिकलेला होता म्हणून मी वाचलो. बायको शेजारीच उभी होती, डोळे सुजलेले. मी खरं सांगायला हवं होतं. तिच्याकडे पाहिलं, वाटलं, ती तरी सांगेल. तिने बाबांची उशी सारखी केली.
मी म्हणालो, बाबा, जास्त बोलू नका, दमाल.