एका हातानं उघडणारा चाकू

१९ सप्टेंबर, गुरुवार
ठरलं! ट्रेव्हचा खांदा शेवंडांच्या हंगामापर्यंत काही बरा होत नाही. खलाशी मिळत नाही, म्हणे. म्हणून नवऱ्याच्या जागी बोटीवर सासरेबुवांबरोबर मी जायचं. सोळा वर्षं या बोटीची बिलं लिहिली, पण जेट्टी सोडून एकदाही पुढे गेले नाही. तरी ‘हो’ म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

सासरेबुवांची— अख्खं बीचपोर्ट गाव त्यांना क्लॅरी म्हणतं— एकच अट. “खिशात मावेल असा चाकू घे. चाकू नसेल तर जेट्टीवरूनच घरी.”

२१ सप्टेंबर
ट्रेव्हला विचारलं, चाकू कशाला? शेवंडं पकडायचा पिंजरा पाण्यात टाकला की मागून त्याचा दोर सळसळत जातो. वेटोळ्यात पाय अडकला तर पिंजऱ्याबरोबर माणूसही जातं.
“किती वेळ मिळतो कापायला?”
“कठड्यापर्यंत फरफटायला लागतो तेवढा.”


२२ सप्टेंबर
पेट्रोल पंपावर बारा डॉलरला एक मिळाला. घरी दोराच्या तुकड्यावर चालवला— खटका सुटला, पातं उलटं फिरलं आणि बोटावरच मिटलं! ट्रेव्ह आधी हसला. रक्त पाहिल्यावर पट्टी शोधायला धावला.

२४ सप्टेंबर, मंगळवार
शेजारच्या मिलिसेंटला, बेव्हच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. सासरेबुवा स्वतः बरोबर आले!

बेव्हनं आधी एकशेनव्वद डॉलरवाला दाखवला. लाकडी मूठ, त्यावर नक्षी. मग तीच म्हणाली, “हा नवऱ्याला वाढदिवसाला दे. बोटीवर महिन्यात गंजेल.”

सासरेबुवांनी पाण्याची बादली मागवली. “हात बुडव. आता उघड. एका हातानं.” मग, “डाव्या हातानं.” मग, “डोळे मिटून.” सात चाकू झाले. दोन निसटून पडले, एकाचं पातं नखानं उचलावं लागायचं— ते ओल्या हाताला कुठलं जमतंय!

बेव्ह म्हणाली, “क्लॅरी, चाकू घेतोयस की सून पुन्हा पसंत करतोयस?”
“सून चुकली तर घटस्फोट होतो, बेव्ह. चाकू चुकला तर काय करतेस?”

शेवटी बेचाळीस डॉलरचा ठरला. नारिंगी खरखरीत मूठ, हातातून सुटत नाही. पात्यावर अंगठ्यानं ढकलायला खुंटी. पातं अर्धं सरळ, अर्धं दातेरी— दोराला दाते लागतात, आणि सगळंच दातेरी असलं तर धार लावताना जीव जातो, असं सासरेबुवा म्हणाले. उघडल्यावर खटका असा बसतो की जोर लावूनही हलत नाही. मी तो तीनतीनदा दाबून पाहिला.

चाकू चांगला आहे. माझं काय?

२९ सप्टेंबर
भांडी घासता घासता ओल्या हातानं उघडते, मिटते. दिवसाला शंभरदा. ट्रेव्ह म्हणतो, “आता मला तुझीच भीती वाटायला लागलीय.”

१ ऑक्टोबर
पहिला दिवस. दोनदा ओकले. साठ पिंजरे. दोराची वेटोळी घालून ठेवायचं काम माझं. “खिसा चाचपू नकोस पोरी, दोराकडे बघ!” दिवसभर सासरेबुवांचं हेच.

९ ऑक्टोबर, बुधवार
लिहायलाच हवं.

लाट आली. पिंजरा नुकताच गेला होता. सासरेबुवांचा बूट वेटोळ्यात! ते आडवे झाले आणि कठड्याकडे ओढले गेले. ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी स्वतःचा चाकू काढला, मी पाहिलं. पण तो उघडेचना. मनात नुसतं— उघडा ना! उघडा!

माझा कधी उघडला, आठवत नाही. दोन ओढींत दोर तुटला. तुटलेलं टोक चाबकासारखं माझ्या गालाला चाटून गेलं.

ते बराच वेळ तसेच पडून. मग म्हणाले, “पिंजरा गेला.” आणि उठून बोट जेट्टीकडे वळवली.

दोर मी ठेवला होता. माझ्याच हातानं. ट्रेव्हला सांगितलं नाही. गालाला काय झालं म्हणाला, तर दार लागलं म्हटलं.

१० ऑक्टोबर
बोट बाहेर काढली नाही. दोनदा फोन केला, सासरेबुवा उचलत नाहीत. वेटोळं उलटं पडलं होतं का? परसात दोर घालून घालून बघितला. काही कळत नाही. काढून टाकतील मला. टाकावंच. मी त्यांचा जीव घेतला असता!

११ ऑक्टोबर
सकाळी सासरेबुवा आले. चहा घेतला नाही. “दोर तू नीटच ठेवला होतास, पोरी. पाय मी टाकला. दोन वर्षं झाली, माझ्या बोटांना चाकू उघडत नाही. खलाशी मिळत होता. दोन मिळत होते. पण माझ्या बोटांचं ते गावभर बोलले असते, आणि मग मला कुणी बोट काढू दिली नसती.”

मी काही बोलणार, तर मागे दारात ट्रेव्ह उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं.